बेने इस्राएलांचा इतिहास आणि त्याचीं साधनें

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं बेने इस्राएल समाजाचा इतिहास 1897 सालीं लिहून पुरा केला. तो छापून निघाला 1937 सालीं, आणि तोही मुंबईस किंवा पुण्यास नव्हे, तर तेल-अविव शहरीं. मधल्या चाळीस वर्षांत ग्रंथकर्ते निवर्तले, त्यांस माहिती देणारे म्हातारे निवर्तले, आणि हस्तलिखित तसेंच पडून राहिलें. डॉ. इमॅन्युएल ओल्सव्हांगर या युरोपीय यहुदी पंडितानें तें हातीं घेऊन संपादिलें नसतें, तर या लेखास विषयच मिळाला नसता. ज्या ग्रंथाचा विषय पेण-अलिबागकडील खेडीं, ज्याचा कर्ता आपल्या आडनांवांत किहीम गांव वागविणारा, ज्यांतील माणसें घरींदारीं मराठी बोलणारीं, तो ग्रंथ इंग्रजींत लिहिला जावा आणि परमुलुखांत छापला जावा, हा निव्वळ योगायोग नव्हे. ग्रंथ कोणासाठीं लिहिला होता, तें त्यावरून कळतें.

तो शेजाऱ्यांसाठीं लिहिलेला नाहीं. नवगांव-रेवदंड्याकडील कोळ्यांस, आगऱ्यांस किंवा ब्राह्मणांस हे लोक कोण, असें विचारण्याचें कारण कधीं पडलें नव्हतें. शनिवारीं घाणा बंद ठेवतात म्हणून ते ‘शनवार तेली’. सोमवारीं बैल न जुंपणारे दुसरे ते ‘सोमवार तेली’. एवढ्यावर ओळख पुरी होत असे. केहीमकरांच्या डोळ्यांपुढें वाचक होते ते निराळे. बगदादेकडून मुंबईस येऊन धनाढ्य झालेले यहुदी, युरोपांतील विद्वान यहुदी, आणि राज्य करणारे इंग्रज. या सर्वांचा प्रश्न एकच असे कीं, तुम्ही यहुदी कशावरून? या प्रश्नाला उत्तर म्हणून जो ग्रंथ लिहावा लागतो, तो इतिहास थोडा आणि कैफियत फार, असा व्हावयाचाच.

आमचें मत असें आहे कीं, केहीमकरांच्या एका पुठ्ठ्यांत दोन पुस्तकें बांधलेलीं आहेत. एक कैफियत आणि दुसरी यादी. कैफियतीवर कर्त्याचा सगळा जीव आहे. काळानें किंमत ठेविली ती मात्र यादीची.

ज्या वाचकांस या समाजाची ओळख नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगणें अवश्य आहे. जुना कुलाबा जिल्हा, ज्यास 1981 पासून रायगड म्हणतात, हें या लोकांचें मूळ ठिकाण. गांवोगांव एकदोन घरें, घरापुढें घाणा, थोडी शेती. आठव्या दिवशीं मुलग्याची सुंता करावी, खवले आणि पर असलेलेच मासे खावे, शनिवार पाळावा, आणि प्रत्येक मंगल अथवा अमंगल प्रसंगीं ‘शमा’ ही हिब्रू प्रार्थना म्हणावी, इतकें त्यांच्या जवळ पिढ्यान्‌पिढ्या राहिलें होतें. ग्रंथ नव्हता, गुरु नव्हता, देऊळही नव्हतें. अठराव्या शतकांत हे लोक मुंबईस येऊं लागले, कंपनीच्या पलटणींत शिरले, सुतारकामांत आणि कचेऱ्यांत शिरले. 1796 सालीं सॅम्युएल एझकिएल दिवेकर यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, कारण प्रार्थनेच्या घराला दुसरा शब्द त्यांच्या बोलींत नव्हता. 1948 सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर पुढच्या दोनतीन दशकांत बहुतेक समाज तिकडे गेला. येथें आतां कांहीं हजार माणसें काय तीं उरलीं आहेत. महाराष्ट्र शासनानें 2016 सालीं यहुद्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, तेव्हां मोजावयास माणसें किती राहिलीं होतीं, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

आतां कैफियतीकडे वळूं. केहीमकर सांगतात कीं, ख्रिस्तपूर्व 175 च्या सुमारास, अँटायोकस राजाच्या जुलमामुळें, त्यांचे पूर्वज गालील प्रांत सोडून निघाले. चौलच्या बंदराजवळ नवगांवापाशीं त्यांचें गलबत फुटलें. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वांचल्या. वाहून आलेलीं प्रेतें नवगांवास पुरलीं, आणि त्या चौदांपासून पुढचा वंश वाढला. कोंकणांतील वाचकांस ही गोष्ट ऐकतांच कांहीं आठवल्यावांचून राहणार नाहीं. समुद्रानें कांठावर टाकलेलीं चौदा प्रेतें चित्पावनांच्याही कथेंत आहेतच. तेथें परशुराम आहे, येथें तो नाहीं, एवढाच भेद. एका किनाऱ्यावर राहणाऱ्या दोन समाजांनीं आपल्या उगमाची कथा एकाच मुशींत ओतावी, ही मोठ्या मौजेची गोष्ट आहे, आणि आमच्या दृष्टीनें ती गलबतापेक्षां अधिक खरी गोष्ट आहे. यहुदी कोठून आले हें तिच्यावरून ठरत नाहीं. ते कोंकणांत किती मुरले होते, हें ठरतें.

175 हें साल कसें निघालें? केहीमकरांचा युक्तिवाद असा: हनुक्का हा सण मक्कबींच्या विजयानंतर सुरू झाला; आमच्या वाडवडिलांस तो ठाऊक नव्हता; म्हणून ते त्यापूर्वीं निघाले असले पाहिजेत. युक्तिवाद सुबक आहे, पण त्यांत एक मोठें छिद्र आहे. जो समाज आपला धर्मग्रंथ विसरला, प्रार्थनेचीं बहुतेक वाक्यें विसरला, तो एखादा सण विसरला नसेल कशावरून? नसलेल्या गोष्टीवरून साल काढणें म्हणजे रिकाम्या कोनाड्यावरून त्यांत कोणती मूर्ति होती तें सांगण्यासारखें आहे. कागदाच्या पुराव्याचें म्हणाल तर तो अठराव्या शतकाच्या मागें जात नाहीं. 1738 सालीं सार्टोरियस नांवाच्या मिशनऱ्यानें मद्रासेकडून लिहिलेल्या पत्रांत, आणि 1768 सालीं कोचीनचे प्रसिद्ध व्यापारी एझकिएल रहाबी यांनीं ॲम्स्टरडॅमास पाठविलेल्या पत्रांत, बेने इस्राएलांचा उल्लेख येतो. त्यामागें अंधार आहे. 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक संशोधनांत या लोकांच्या रक्तांत पश्चिम आशियांतील यहुद्यांचा आणि येथील लोकांचा असे दोन्ही वांटे स्पष्ट दिसतात, असें आढळलें. केहीमकरांस हें कळतें तर अर्ध्या निष्कर्षानें त्यांस हर्ष झाला असता आणि अर्ध्यानें ते रागावले असते.

या कैफियतींत एक कथा मात्र आम्हांस फार मोलाची वाटते. डेव्हिड रहाबी नांवाचा परका विद्वान या लोकांत आला. हे यहुदी असावे असा त्याला संशय आला, पण खात्री होईना. तेव्हां त्यानें बायकांपुढें निरनिराळे मासे ठेविले आणि रांधावयास सांगितलें. बायकांनीं खवले-पर असलेले तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. त्यावरून त्यानें ओळखलें. हा रहाबी कोणत्या शतकांत आला याविषयीं पंडितांत एकवाक्यता नाहीं, आणि कथेंतील किती भाग खरा, हेंही कोणी सांगूं शकत नाहीं. तथापि ज्या समाजानें ती जपली त्याला एक गोष्ट नक्की समजत होती. पुरावा चुलीपाशीं होता. साक्ष दिली ती बायकांनीं, आणि ती तोंडानें दिली नाहीं. केहीमकरांनीं ही कथा सांगितली खरी, पण तिच्यांतला धडा स्वतः पुरता घेतला नाहीं.

पुरता म्हणण्याचें कारण असें कीं, जेथें त्यांनीं तो घेतला तेथें त्यांचा ग्रंथ अमोल झाला आहे. सणांचेंच प्रकरण घ्या. हिब्रू शिकलेल्या पिढीनें रोश हशाना, योम किप्पुर हीं नांवें उचलण्यापूर्वीं कोंकणांतल्या घरांत या सणांस काय म्हणत, तें केहीमकर नोंदवितात. नव्या वर्षाचा तो ‘नव्याचा सण’. उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा मोठा दिवस तो ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशीं घराचीं दारें लावून घेऊन माणसें आंत बसत. त्याच्या दुसऱ्या दिवशीं ‘शिळा सण’. जेरुसलेमचें मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस तो ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या दिवशीं जेवणांत बिरडें असे. पुरीमचा ‘होळीचा सण’. आणि वल्हांडणाचा ‘अनाशी ढाकण्याचा सण’, म्हणजे आंबट रसाचें भांडें झांकून ठेवण्याचा. आंबवलेलें कांहीं खावयाचें नाहीं ही मोशेची आज्ञा विसरली गेली होती. मिसर देश, फारो राजा, तांबडा समुद्र, सगळें विसरलें होतें. राहिलें होतें तें एक झांकलेलें मडकें. ग्रंथ गेला, पण त्या ग्रंथांतील आज्ञा मडक्यावरच्या झांकणांत शिल्लक राहिली.

हीं नांवें नुसतीं वाचलीं तरी त्यांत दोन मुलूख एकमेकांत कसे मिसळले तें दिसतें. एका नांवांत ‘रोजा’ आहे, एकांत ‘होळी’ आहे, एकांत सरळ स्वयंपाकघरांतलें बिरडें आहे. केहीमकरांस त्यांची थोडी लाज वाटत असावी, असा आम्हांस संशय येतो. युरोपांतील यहुदी वाचकांपुढें होळीचें नांव काढतांना ते जरा सावरून बोलतात. पण त्यांनीं तीं गाळलीं नाहींत, हा त्यांचा प्रामाणिकपणा. दहा पिढ्यांची वंशावळ हातीं आली असती तरी तिनें इतकें सांगितलें नसतें.

आडनांवांचेंही तेंच. केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर, वाक्रूळकर, तळकर: शंभराहून अधिक गांवें या आडनांवांत नोंदलेलीं आहेत. यांपैकीं पुष्कळ गांवीं आज बेने इस्राएलांचें एकही घर नाहीं. घाण्याचा दगड कोठें तरी पायरीला लावलेला असेल. परंतु इस्राएलांत लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गांवीं जा. तेथें वाळवंटाच्या कडेला वाक्रूळ आणि झिराड दारावरच्या पाटीवर राहतात. तेथल्या पोरांना तीं गांवें नकाशांत दाखवितां येणार नाहींत. गांवाचें नांव गांवाबाहेर इतकें दूर जाऊन टिकल्याचें दुसरें उदाहरण आमच्या समाजांत आम्हांस आठवत नाहीं.

पलटणींतील देशी अंमलदारांची यादी हा ग्रंथाचा तिसरा मोलाचा भाग. सुभेदार, जमादार, त्यांच्या लढाया, त्यांचीं पदकें. येथेंही कैफियतीचा वास येतो, कारण ही यादी इंग्रज वाचकांस दाखविण्यासाठीं आहे. तरी पण यादी ती यादी; तिच्यांत अलंकार घालतां येत नाहींत, आणि म्हणूनच ती अजून उपयोगीं पडते. असो. हा भाग लांब आहे आणि तो एकदां चाळला म्हणजे पुरे. ज्याला आपला खापरपणजोबा शोधावयाचा आहे त्यानेंच तो पुनः उघडावा.

आतां या ग्रंथांत काय नाहीं तें पाहूं. हा समाज तेल्यांचा होता असें पहिल्या पानापासून सांगितलें आहे, पण तेलाविषयीं ग्रंथांत फारच थोडें. तीळ कोठून येत, शेरास काय पडे, बैल किती वर्षें टिके, शनिवारचा घाणा बुडाल्यानें गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाई कीं थांबे, हें कोणी सांगत नाहीं. बायकांच्या तोंडचीं मराठी गाणीं जवळ जवळ नाहींतच. ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भेद समाजांत होते आणि त्यांत बेटीव्यवहार नव्हता, हें केहीमकर सांगतात, परंतु गोऱ्यांच्या बाजूनें सांगतात. काळ्यांची बाजू लिहून ठेवणारा कोणी निघाला नाहीं. प्रत्येक लहान समाजाच्या इतिहासांत ही खोड आढळते. जो लिहितो तो आपल्या अंगणाचें वर्णन करतो आणि त्याला गांव म्हणतो. आमच्याकडील कुलवृत्तांतही याच रोगानें पिडलेले आहेत. मूळ पुरुषाच्या दंतकथेला वीस पानें, वंशवृक्षाला शंभर, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या नांवापुढें एक रेघ.

हा दोष दाखवितांना आम्हांस आपलाही एक दोष कबूल करणें भाग आहे. पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक बेने इस्राएल विद्यार्थी आमच्याकडे एक पत्र्याची ट्रंक घेऊन आला. घरचीं सर्व मंडळी इस्राएलास जावयास निघालीं होतीं. अलिबागेकडील आजीचें घर विकलें होतें. सामान किती न्यावें याला मर्यादा होती. आम्ही तेव्हां केहीमकरांच्या ग्रंथावर टिपणें काढीत होतों आणि त्याला तें ठाऊक होतें. ट्रंकेंत पणजोबांचें पलटणींतील पदक होतें. शब्बाथच्या प्रार्थनेचा चांदीचा पेला होता. आजोबांच्या लग्नाचा करार होता. हिब्रू आणि मराठी असें दुहेरी छापलेलें एक जुनें प्रार्थनापुस्तक होतें, आणि त्याच्या कोऱ्या पानांवर घरांतल्या जन्ममृत्यूंच्या नोंदी होत्या. एक लोखंडी किल्ली होती. ती कोणत्या दाराची हें त्याच्या आईला देखील सांगतां आलें नाहीं. आणि तळाशीं तीन वह्या होत्या, तेलाच्या हिशेबाच्या. वाळवीनें कडा खाल्लेल्या, मोडींत लिहिलेल्या.

त्यानें विचारलें, “सर, यांतलें काय न्यावें?” आम्ही प्रार्थनापुस्तक, करार, पदक आणि पेला बाजूला काढिला. किल्ली त्यानें आपण होऊन घेतली. वह्या आम्हीं उलटसुलट केल्या, चार आंकडे वाचले, आणि म्हणालों कीं, यांत धर्माचें किंवा कुळाचें कांहीं दिसत नाहीं, ओझें कशाला वागवतां? त्या वह्या रद्दींत गेल्या. त्या वेळीं आम्हीं त्यास सल्ला दिला तो कैफियतीचे वाचक म्हणून. आमच्या डोक्यांत गलबत, गालील आणि 175 हें साल होतें. ज्या वह्यांनीं वर उल्लेखिलेल्या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर दिलें असतें, शनिवारीं खरोखर घाणा बंद असे कीं नाहीं हें ज्यांच्या तारखांवरून एका दिवसांत पडताळतां आलें असतें, त्या आम्हीं आपल्या हातांनीं वजनावर घालविल्या. केहीमकर तेलाविषयीं लिहीत नाहींत अशी तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस उरला आहे कीं नाहीं, तें वाचकांनींच ठरवावें.

महाराष्ट्रांत ही चूक करण्यास कोणाला सबब नाहीं. 1898 सालीं राजवाड्यांनीं वाईस सांपडलेल्या पत्रांचा पहिला खंड काढिला, तेव्हांपासून आम्ही ऐकत आलों आहों कीं, माळ्यावरचीं रुमालांत बांधलेलीं दप्तरें हाच इतिहास. 1910 सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें तें याच बुद्धीनें. पण राजवाड्यांच्या पाठोपाठ गेलेल्या आम्हां लोकांस दप्तर म्हटलें कीं सरदाराचें, फडणिसाचें किंवा मठाचें, असेंच डोळ्यांपुढें येई. तेल्याची वही दप्तरांत जमा होते हें डोक्यांत यावयास फार वेळ लागला.

आतां या साधनांची गरज केवळ जिज्ञासेपुरती असती तर गोष्ट निराळी होती. परंतु 1961-62 च्या सुमारास इस्राएलांत गेलेल्या बेने इस्राएलांवर एक प्रसंग आला. तेथील मुख्य धर्मपीठानें त्यांच्या विवाहांविषयीं शंका काढिली, आणि लग्न करूं इच्छिणाऱ्या बेने इस्राएलाची आई, आजी, आणि त्यांच्या मागच्या जितक्या पिढ्यांचा शोध लागेल तितक्यांची चौकशी करावी, असा आदेश निघाला. कल्पना करा कीं, दिमोनाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणास त्याच्या खापरपणजीचा दाखला मागितला जात आहे. आणि ती खापरपणजी कोंकणांतल्या एका खेड्यांत, जेथें तिच्या जन्माची नोंद करणारें देऊळ किंवा कचेरी कांहींच नव्हतें, अशा ठिकाणीं जन्मली होती. समाजानें मोठी चळवळ केली. 1964 सालीं इस्राएलच्या लोकसभेनें हे लोक सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असें जाहीर केलें, आणि धर्मपीठास पाऊल मागें घ्यावें लागलें. केहीमकरांस जो प्रश्न सतावीत होता तोच सुमारें पासष्ट वर्षांनीं त्यांच्या नातवंडांपुढें सरकारी कागदावर छापून आला.

या प्रसंगाचा एक अनिष्ट परिणाम समाजाच्या इतिहासलेखनावर झाला, असें आम्हांस वाटतें. कागदाकडे पाहण्याची दृष्टि दाखल्याची झाली. सुंतेची नोंद, लग्नाचा करार, थडग्यावरची हिब्रू अक्षरें यांस मान आला, कारण त्यांनीं कोणाची तरी खात्री पटते. हळदीच्या गाण्यांची वही, मलिद्याच्या पोह्यांचें प्रमाण, भावाभावांच्या वांटणीचा कागद, यांनीं कोणाची खात्री पटत नाहीं. म्हणून तीं मागें पडलीं. वास्तविक एलियाहू हन्नबीच्या नांवानें पोहे, खोबरें, गूळ आणि फळें यांचा जो मलिदा हे लोक करतात, तो दुसरा कोणताही यहुदी समाज करीत नाहीं. ज्या वस्तूनें ते इतरांसारखे ठरतात ती जपावी आणि जिच्यामुळें ते स्वतःसारखे ठरतात ती टाकावी, ही मोठी उलटी रीत आहे. 1984 सालीं बेंजामिन जे. इस्राएल यांचा निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांत या समाजांतीलच एका चिकित्सक गृहस्थानें दंतकथेला दंतकथा म्हणण्याचें धैर्य दाखविलें आहे, आणि तरी तिच्याविषयीं तुच्छता दाखविली नाहीं. केहीमकरांनंतर ज्यांचें वाचन अवश्य करावें असे हेच.

आणखी एक साधन आहे, त्याचा निर्देश येथें केलाच पाहिजे, आणि तें छापील आहे म्हणून कोणी त्याला साधन समजत नाहीं. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हागादा 1846 सालीं मुंबईस मराठी भाषांतरासह छापली गेली. 1874 सालीं पुण्यास दुसरी निघाली, ती सचित्र. तिच्यांतील बहुतेक चित्रें युरोपीय नमुन्यांवरून घेतलेलीं आहेत. पण बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका मात्र लुगडीं नेसून जमिनीवर बसल्या आहेत. चित्रकाराला मोशे कसा दिसतो तें दुसऱ्याच्या पुस्तकांत पहावें लागलें; भाकरी कशी करतात तें पहावयास आपल्या ओटीच्या आंत डोकावलें कीं पुरे होतें. याशिवाय 1880 च्या सुमारास या मंडळींनीं अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर मराठी कीर्तनें रचून करावयास आरंभ केला. हरिदासी कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग बायबलाच्या आख्यानांस लावण्याची ही कल्पना आमच्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं एका वाक्यांत आटोपावी, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. हें वाङ्मय मराठी आहे; तें आमचें आहे; त्याची तपासणी जेरुसलेमच्या पंडितांनीं करावी आणि आम्हीं त्यांच्या इंग्रजी निबंधांतून तें वाचावें, यांत आम्हांस भूषण नाहीं.

येथेंच वादाचा शेवटला मुद्दा येतो. हीं साधनें राहावींत कोठें? 1995 सालीं जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमनें भारतीय यहुद्यांविषयीं मोठें प्रदर्शन भरविलें होतें. त्यांतील वस्तु तेथें सुरक्षित आहेत, वाळवी नाहीं, पावसाळा नाहीं, आणि समाजही तेथेंच आहे; मग त्या अलिबागेस कशाला, असें म्हणणाऱ्यांचें म्हणणें खोटें नव्हे. वस्तु समाजाबरोबर जाव्या, हें आम्हांस मान्य आहे. पण कागदांची गोष्ट वेगळी. कागद वाचावा लागतो. इस्राएलांत स्थायिक झालेल्यांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक मोठ्या निष्ठेनें चालविलें. परंतु तेथें जन्मलेली तिसरी पिढी हिब्रू बोलते, आणि तिला मराठी अक्षर चित्रासारखें दिसतें. मोडीची तर बोलावयासच नको. ती येथेंही किती जणांस वाचतां येते? तेव्हां मूळ कागद कोठेंही असोत, त्यांचीं प्रतिबिंबें घेऊन तीं अशा ठिकाणीं ठेविलीं पाहिजेत कीं जेथें शेजाऱ्यांचीं, सावकारांचीं, गांवच्या जमिनीचीं दप्तरेंही हाताशीं असतील. तेल्याच्या वहींतला ‘पाटील’ कोण, हें गांवच्या दप्तराशीं ताडल्यावांचून कळावयाचें नाहीं. बेने इस्राएलांचा इतिहास कोंकणाच्या इतिहासापासून तोडून ठेविला म्हणजे पुनः कैफियतच हातीं राहते.

हें आम्ही लिहीत असतां, गेल्या वर्षीं, त्याच विद्यार्थ्याचें पत्र आलें. त्याच्या मुलाला शाळेंत आपल्या घराण्याविषयीं निबंध लिहावयाचा होता. त्यासाठीं त्यानें प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानांचीं छायाचित्रें पाठविलीं आणि मराठी नोंदी वाचून कळवाव्या अशी विनंति केली. त्या पंचवीस वर्षांपूर्वीं आम्हीं पाहिल्या होत्या, परंतु तेव्हां नुसतीं नांवें आणि सालें टिपून घेतलीं होतीं. या खेपेस भिंग घेऊन बसलों. रिबका जन्मली. हन्नोख जन्मला. हन्नोख वारला. मग दुसऱ्या हातानें, निराळ्या शाईनें, मोडींत एक ओळ होती. पूर्वीं ती आम्हीं प्रार्थनेची असेल म्हणून सोडून दिली होती. ती अशी होती कीं, घाण्याचा बैल पेणच्या बाजारांत घेतला, रुपये अठरा, पैकीं आठ देणें राहिले. तिच्या खालीं, पुनः पहिल्याच हातानें: एस्तेर जन्मली. आम्हीं सर्व नोंदी बाळबोधींत उतरून पाठविल्या. मुलानें उलट विचारलें आहे कीं, ते आठ रुपये पुढें फेडले कीं नाहीं.